पोहे कोठून आणायचे?

इस्राएलमध्ये येऊन स्थायिक झालेल्या आपल्या बेने इस्राएल लोकांचा इतिहास आजवर अनेकांनी लिहिला आहे. कोण कोणत्या साली आले, कोणाला कोणत्या गावी घर मिळाले, आपल्या यहुदीपणाबद्दल उठलेला वाद १९६४ साली कसा मिटला, हे सर्व त्यात आहे आणि ते असायलाच हवे. परंतु आपल्या आयांनी आणि मावश्यांनी येथे पाऊल ठेवल्यावर पहिल्या आठवड्यातच जो प्रश्न विचारला, तो मात्र कोठे नोंदलेला मला आढळला नाही. तो प्रश्न असा, की मलिद्याला पोहे कोठून आणायचे?

कोणी म्हणेल, हा काय इतिहासाचा विषय झाला! पण आपले जुने सण आठवून पाहा. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली लिहून पुरा केलेला आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापला गेलेला बेने इस्राएलांचा इतिहास ज्यांनी चाळला असेल, त्यांना ती नावे ठाऊक असतील. तिश्री महिन्यातला खिरीचा सण. पेसाहला म्हणत अनाशी ढाकायचा सण, कारण त्या आठ दिवसांत आंबट कालवणाचे भांडे झाकून ठेवायचे. बेथ हमिकदाशच्या नाशाच्या शोकाचा दिवस, ज्याला येथे तिशा बेआव म्हणतात, तो आपल्याकडे बिरड्याचा सण. त्या दिवशी मांसाहार वर्ज्य, म्हणून सोललेल्या वालांचे बिरडे. कोकणात आपल्या पूर्वजांना हिब्रू नावांचा विसर पडला होता, पुस्तके नव्हती, गुरू नव्हते. तरी सण राहिले, आणि त्यांतले कित्येक स्वयंपाकघराच्या आधाराने राहिले. खीर कधी करायची आणि वाल कधी भिजवायचे हे बायकांना माहीत होते, म्हणून दिवस चुकला नाही. असे माझे मत आहे. विद्वानांना ते पटेल न पटेल.

आणि या सर्वांसाठी कोकणात दुकान लागत नव्हते. अलिबाग, पेण, रोहे, मुरूड या बाजूच्या गावांत आपली माणसे तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. नारळ दारात, भात शेतात, वाल भात कापल्यानंतरच्या ओलीवर, आमसुले परसात वाळत घातलेली. वाण्याकडून आणायचे ते मीठ, गूळ आणि थोडा मसाला. शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या नावाने जमायचे, जेथे त्याच्या रथाची खूण खडकावर दाखवतात, आणि मलिदा करायचा. पोहे, खोवलेला नारळ, साखर, वेलची, मनुका, बदाम, वर फळे. पोहे गावातच कांडलेले असत. ते कोठून आणायचे हा प्रश्नच कोणाला पडला नव्हता.

मुंबईतही तो पडला नाही. आपले पहिले सिनगॉग, शार हारहमीम, सॅम्युएल एझिकेल दिवेकरांनी १७९६ साली बांधले, ते मांडवीला. जुनी माणसे त्याला जुनी मशीद म्हणत. मांडवी म्हणजे धान्याची, किराण्याची आणि मसाल्यांची घाऊक पेठ. आपल्या आज्या-पणज्या राहत होत्या त्या गल्लीच्या तोंडाशी हळदीची पोती उतरत. पुढे लोक भायखळ्याकडे पसरले, पण तेथेही बाजार हाताशी होता. आमचे घर भायखळ्याचे. आई बाजारात जाऊन नारळ कानाशी धरून हलवी, पाणी वाजले तर घेई. इतकीच काय ती पारख लागे.

मग इस्राएल.

सर्वांत आधी आलेल्यांचे हाल काय सांगावेत! या देशात एप्रिल १९४९ मध्ये शिधावाटप सुरू झाले. त्या खात्याचे मंत्री दोव योसेफ. साखर, तेल, अंडी, मांस, सर्व काही शिधापत्रिकेवर. अंड्याऐवजी अंड्याची पूड, ताज्या मासळीऐवजी गोठवलेल्या माशांच्या वड्या, आणि सर्वांना एकच काळसर पाव. माझी मावशी १९५० साली आली आणि निर्वासितांच्या तंबूंच्या छावणीत, माआबरात राहिली. तिला पावाचे दुःख नव्हते, भाताचे होते. तांदूळ जवळजवळ मिळतच नसे. तांदळाच्या तुटवड्यामुळेच पंतप्रधान बेन गुरियन यांच्या सांगण्यावरून ओसेम कंपनीने १९५३ साली गव्हाच्या पिठाचे तांदळाच्या आकाराचे दाणे काढले, तेच पतितीम. लोक त्यांना बेन गुरियनचा तांदूळ म्हणत. मावशीने पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिने दोन वेळा धुतले, पेज काढण्यासाठी भरपूर पाणी घालून चुलीवर चढवले आणि थोड्या वेळाने झाकण काढून पाहते तो काय, पातेल्यात खळ! ही गोष्ट ती मरेपर्यंत सांगत असे आणि दर वेळी पातेले थोडे मोठे होत असे.

१९५२ च्या एप्रिलमध्ये आपली शंभरावर माणसे विमानाने मुंबईस परत गेली. कारणे मोठी होती: काम, घर, वागणूक. पण जेवणाचे गाऱ्हाणे त्यात होतेच. त्यांतली बरीच पुढे पुन्हा येथे आली. शिधावाटप हळूहळू सैल होत गेले आणि १९५९ साली संपले.

आम्ही १९६३ साली आलो. आम्हाला दिमोना मिळाले. त्या वेळी हे गाव आठ वर्षांचे होते, माझ्याच वयाचे. कोपऱ्यावर एक मकोलेत, म्हणजे वाण्याचे दुकान. त्यात पाव, दूध, ऑलिव्ह, हेरिंग मासे आणि मार्गारीन. आईने आपली यादी काढली. दुकानदार रुमानियाचा, आई भायखळ्याची. ती हाताने नारळ दाखवी, तो कलिंगड आणून देई.

पण थोड्याच महिन्यांत एक गंमत लक्षात आली, आणि ती मला आजही इतिहास म्हणून महत्त्वाची वाटते. आपल्या मसाल्याच्या डब्यातले बहुतेक सर्व या देशात आधीच येऊन बसलेले होते. फक्त त्याची नावे बदलली होती आणि ते मकोलेतमध्ये नव्हते, शूकमध्ये, म्हणजे बाजारात होते. जिऱ्याला कम्मून म्हणायचे. वेलचीला हेल. कोथिंबिरीला कुस्बरा. हळदीला कुरकुम, जो शब्द आईच्या कानाला कुंकवासारखा लागला आणि म्हणून तिच्या लक्षात राहिला. चिंच तर स्वतःची ओळख सांगतच आली होती: तामार हिंदी, हिंदुस्थानचा खजूर. इराकी आणि सीरियन बायका ती कोळून स्वयंपाकात वापरीत. यमनी लोकांकडे मेथी होती, तिला ते हिल्बे म्हणत, आणि त्यांचा स्हुग पाहून आई म्हणाली, ही तर आपली हिरवी चटणी, नुसते खोबरे विसरलेली. मासळीवाल्याकडे बुरी नावाचा मासा असे, तो हातात घेऊन बाबांनी ओळखला. बोय! खवलेही होते, परही होते. त्या शुक्रवारी आमच्या घरी कालवण झाले.

तेल अवीवला लेविन्स्की बाजार आहे. १९३०च्या दशकात सालोनिकाहून आलेल्या यहुद्यांनी तो बसवला, पुढे तेथे इराणी व्यापारी आले. बाबा कामानिमित्त तेल अवीवला जात तेव्हा आई त्यांना कागदावर मराठीत नावे लिहून देई आणि समोर वासाचे वर्णन. बाबांना लवंग आणि दालचिनी सोडून काही ओळखता येत नसे. ते दुकानात उभे राहून पोत्यापोत्याचा वास घेत. लोकांना वाटे, हा मोठा जाणकार दिसतो.

या ओळखींत सर्वांत नवल वाटले ते एका बरणीचे. बेर शेवाच्या बाजारात एका इराकी माणसाच्या टपरीवर पिवळे आंबट लोणचे होते. आईने बोट दाखवून विचारले, हे काय? तो म्हणाला, आंबा. आईला वाटले, हा मराठी बोलतो! तिने त्याच्याशी भराभर मराठीत सुरुवात केली आणि तो बिचारा घाबरून गेला. कैरी, मीठ, शिरका, हळद आणि मेथी यांचे ते लोणचे बगदादच्या यहुद्यांनी मुंबईशी चालणाऱ्या व्यापारातून नेले, आणि त्यांच्याबरोबर ते इस्राएलात आले. डेव्हिड ससून १८३२ साली मुंबईस आले, आणि ससून घराण्यानेच पहिले पिंप बगदादला पाठवले अशी एक गोष्ट सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, शब्द आपला आहे. आज येथे साबीख खाणारे प्रत्येक पोर आंबा मागते आणि त्याला ते इराकी वाटते. तसेच याफोच्या दुकानांतल्या नारगिलाचे. ते हुक्क्याचे नाव संस्कृत नारिकेलापासून फारसीतून आले, कारण पूर्वी त्याचे पाण्याचे भांडे नारळाच्या करवंटीचे असे. म्हणजे नारळाचे नाव या देशात पोचले होते. फक्त नारळ नव्हता.

नारळ, पोहे, कडवे वाल, आमसूल, कढीलिंब. या पाच जिनसा आमच्या बाजूच्या कोणत्याही बाजारात मिळत नव्हत्या. बाकी सर्व मिळूनही स्वयंपाक आपला होत नव्हता तो या पाचांमुळे.

नारळाचे महत्त्व वाचकांना सांगायला नको. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून आपल्या रश्शाला दाटपणा येतो तो नारळाच्या दुधाने. रोश हाशानाचा चिकाचा हलवाही गव्हाचा चीक काढून नारळाच्या दुधात, चायना ग्रास घालून, म्हणजे तो मांसाच्या जेवणानंतरही चालतो. येथे केकवर भुरभुरवायला वाळलेल्या खोबऱ्याच्या किसाच्या पुड्या मिळत, त्यांना कोकोस म्हणत. आई तो कीस गरम पाण्यात भिजवी आणि जुन्या मलमलीतून पिळून दूध काढी. एके दिवशी शेजारीण मीठ मागायला आली. शेगडीवर मटण, आणि आई वरून पांढरेशुभ्र दूध ओततेय! शेजारणीने कपाळावर हात मारला आणि जिन्यातून ओरडत खाली गेली. संध्याकाळपर्यंत चारी मजल्यांवर बातमी, की हिंदी लोक मांसात दूध घालतात.

हे १९६४ सालचे उन्हाळ्याचे दिवस. आपल्या लोकांच्या लग्नसंबंधांबद्दल शंका काढल्या जात होत्या, यरुशलायीमला आपली माणसे धरणे धरून बसली होती, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेतने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत. अशा वेळी पातेल्यातले पांढरे दूध ही साधी गोष्ट नव्हती. आई रडली नाही. तिने कोकोसची रिकामी पुडी घेऊन चारही मजल्यांवर प्रत्येक दार ठोठावले, आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला घरात बसवून तिच्यासमोर दूध पिळून दाखवले. त्यानंतर मात्र ती मटण शिजवताना ती पुडी शेगडीशेजारी, दारातून दिसेल अशी ठेवू लागली. पुढे कित्येक वर्षांनी एका विद्वान गृहस्थांनी मला सांगितले की सोळाव्या शतकात क्राकाव शहरातील रब्बी मोशे इस्सेर्लेस यांनी हेच लिहून ठेवले आहे: बदामाच्या दुधात मांस शिजवले तर शेजारी बदाम ठेवावेत, म्हणजे पाहणाऱ्याला संशय यायचा नाही. आईला हिब्रू वाचता येत नव्हते. मी तिला हे सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, त्यांच्याही घरी शेजारीण असणार.

कढीलिंब आम्हाला कोचीनच्या यहुद्यांकडून मिळाला. त्यांचीही वस्ती नेगेवमध्ये, बेर शेवाजवळच्या नेवातीमला आहे, आणि त्यांचाही स्वयंपाक नारळ व कढीलिंबाशिवाय होत नाही. त्यांची भाषा मल्याळम, आमची मराठी. बोलणे व्हायचे ते मोडक्या हिब्रूत. झाडाच्या मुळाशी फुटलेला धुमारा त्यांनी मातीसकट दिला. आईने तो ऑलिव्हच्या रिकाम्या डब्यात लावला. दिमोन्याची थंडी त्याला सोसत नसे, म्हणून हिवाळ्यात डबा घरात, आमच्या पलंगाखाली.

पोहे, वाल आणि आमसुले मात्र मुंबईहूनच यायची. आणि यायची कशी? इस्राएलचा वाणिज्य दूतावास मुंबईत १९५३ पासून होता, पण दोन देशांत पूर्ण राजनैतिक संबंध जुळले ते १९९२ साली. सुएझ कालवा इस्राएली जहाजांना १९७९ पर्यंत बंद होता. उघड व्यापार जवळजवळ नाही. त्यामुळे येणाऱ्याच्या बॅगेतून जे येईल तेवढेच. विमानात वीस किलो सामान चाले. नवीन कुटुंब येणार असे कळले की इकडून पत्रे जात: साड्या नकोत, पोहे आणा. आमच्या ओळखीतल्या एका नववधूच्या बॅगेत म्हणे दोन साड्या होत्या आणि बाकी कडवे वाल.

१९६७ च्या जूनमधल्या युद्धात माझा थोरला भाऊ सीनायला होता. आईने एलियाहू हन्नाबीला नवस केला, की मुलगा धड घरी आला तर मलिदा करीन. तो आला. घरात पोहे चिमूटभरही नव्हते. दिमोना, येरुहाम, बेर शेवा, सगळीकडे विचारून झाले. बाबा म्हणाले, पोहे नाहीत तर मलिदा कसला, थांबू या. आई म्हणाली, मुलगा परत द्यायला तो थांबला नाही. शेवटी आमच्यातल्या एका वृद्ध हजानांना विचारले. ते म्हणाले, पोहे म्हणजे तांदूळच ना, मग तांदळाचे करा, ब्राखा तीच आहे. आईने तांदूळ अर्धवट शिजवले, गच्चीवर नेगेवच्या उन्हात चादरीवर पसरले, आणि पोळपाटावर लाटण्याने थोडेथोडे चेपले. पोहे झाले नाहीत, चुरा झाला. त्यात कोकोस, साखर, वेलची आणि मनुका घालून तबक भरले, वर खजूर आणि फळे ठेवली, आणि रीतसर म्हणून वाटले. सर्वांनी मुकाट्याने खाल्ले. भावाने पहिला घास घेतला आणि म्हणाला, आई, हे पोहे नाहीत.

आई त्या वेळी हसली. पण नवस फिटला असे तिने मानले नाही. पुढल्या वर्षी मुंबईहून एक कुटुंब आले, त्यांच्याकडून दोन शेर पोहे मिळाले, आणि तिने मलिदा पुन्हा केला. तोवर ती भावाला रात्री उशिरा घराबाहेर राहू देत नसे. हजानांचा निकाल शास्त्राला धरून होता यात शंका नाही. आई चुकली असेही माझ्याने म्हणवत नाही.

दुकाने आली ती यानंतर, हळूहळू. सुरुवात घरांतूनच झाली. कोणी मुंबईला जाऊन आला की येताना चार पिशव्या जास्त आणी आणि शेजारपाजारी विके. आमच्या भागात एका गृहस्थांनी जिन्याखालची सायकल ठेवायची खोली घेतली. तेथे पाटी नव्हती. पापडाच्या पुड्या आणि लोणच्याच्या बाटल्या असत, त्यांवर पत्ता लंडनचा, कारण मुंबईहून सरळ येत नसे ते विलायतेहून फिरून येई. पुढे रामले, लोद, अश्दोद, बेर शेवा, दिमोना येथे आपल्या लोकांची रीतसर दुकाने झाली. ही निव्वळ विक्रीची ठिकाणे नव्हती हे वाचकांना आठवत असेल. कोणाचे लग्न ठरले, कोण वारले, कोणाच्या मुलाची ब्रित कधी, हे पोह्यांच्या पोत्याशी कळे. उधारीची वही असे. मराठीत लिहिलेली.

कश्रुतचा प्रश्न तेथेही होताच. पेसाह जवळ आला की दुकानदार हिंगाचा डबा आत ठेवी. बाजारच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते आणि म्हणून तो हामेत्स, हे आपल्यातल्या पुष्कळांना येथे आल्यावरच कळले.

१९९२ नंतर चित्र पालटले. माल सरळ येऊ लागला, मुंबईची विमाने सुरू झाली. दुकानांत नवी गिऱ्हाइके आली. लष्करी नोकरी संपवून हिंदुस्थानात सहा महिने भटकून आलेली इस्राएली पोरे मसाला चहा मागू लागली. म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करायला केरळ आणि इतर प्रांतांतून आलेल्या बायका तांदूळ, पापड आणि मासळीचा मसाला नेऊ लागल्या. रामत गानला हिऱ्यांच्या व्यापारातली गुजराती कुटुंबे आहेत, त्यांना डाळी लागतात. पोह्यांची पाकिटे फळीवर रांगेने उभी असतात. एलियाहूचे दर्शन घ्यायला आपले लोक आता हैफाच्या गुहेत जातात, तेथे मलिद्याची तबके घेऊन येणाऱ्यांना पोह्यांची चिंता नसते.

चिंता आहे ती वालांची. गेल्या उन्हाळ्यात तिशा बेआवच्या आधी मी आमच्या नेहमीच्या दुकानात गेले. दुकान आता त्या गृहस्थांचा नातू चालवतो, येथे जन्मलेला, मराठी समजते पण बोलत नाही. मी कडवे वाल मागितले. त्याने मागच्या खोलीतून एक गोणपाट ओढून आणले आणि म्हणाला, हे घेणाऱ्या तुम्ही आणि आणखी दोन आजी. भिजवायचे, मोड काढायचे, एकेक दाणा सोलायचा, कोण करणार? पिशवीवर चिकटवायच्या चिठ्ठीवर लिहायला त्याला हिब्रू नाव हवे होते. मला ते ठाऊक नव्हते, त्यालाही नव्हते. थोडा विचार करून त्याने लिहिले: फूल होदी, हिंदुस्थानी फूल. फूल ही येथली मोठी शेंग, तिचा आणि आपल्या वालाचा संबंध नाही, हे सोलायला बसले की कळते. पण मी काही बोलले नाही. पुढच्या वर्षी माल मागवणार का, असे विचारले, तर तो म्हणाला, पाहू. मी दोन किलो घेणार होते, ते चार घेतले.